बालहक्कांसाठी पाठपुरावा: सामान्य नागरिकाची नोंद जिनिव्हापर्यंत कशी पोचते

२३ सप्टेंबर २०१९ रोजी बारा देशांतील सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे एक तक्रार दाखल केली. हवामान बदलामुळे आमच्या जगण्याच्या आणि आरोग्याच्या हक्कांवर गदा येते आहे आणि हे ठाऊक असूनही सरकारे पुरेशी पावले उचलत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. या मुलांत स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग होती, तशी हरिद्वारची रिधिमा पांडेही होती. तक्रार अर्जेंटिना, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी आणि तुर्कस्तान या पाच देशांविरुद्ध होती. कर्बवायूंच्या उत्सर्जनात आघाडीवर असलेले चीन, अमेरिका आणि भारत हे तिन्ही देश त्यात नव्हते. मुलांनी त्यांना मुद्दाम वगळले असे नाही. या तीन देशांविरुद्ध अशी तक्रार करण्याचा मार्गच अद्याप उघडलेला नाही. हा मार्ग काय आहे, तो कोणासाठी उघडा आहे आणि जिथे तो बंद आहे तिथे नागरिकाने काय करायचे, हे समजले की जगातील मुलांच्या हक्कांसाठी आपल्यासारख्या माणसाला काय करता येईल, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

हक्क कुठे लिहिले आहेत

मुलांच्या हक्कांचा मुख्य जागतिक दस्तऐवज म्हणजे संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता. ती २० नोव्हेंबर १९८९ रोजी आमसभेने मंजूर केली आणि २ सप्टेंबर १९९० पासून लागू झाली. तिच्यात ५४ कलमे आहेत आणि १९६ देश तिच्याशी बांधील आहेत. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. अमेरिकेने १९९५ मध्ये सही केली, परंतु तिथल्या सिनेटची मंजुरी कधीच मिळाली नाही, त्यामुळे संहितेबाहेर राहिलेला संयुक्त राष्ट्रांचा तो एकमेव सदस्य देश आहे. जगणे, शिक्षण, आरोग्य, शोषणापासून संरक्षण हे हक्क त्यात आहेतच, पण बाराव्या कलमात मुलाला स्वतःशी संबंधित प्रत्येक बाबतीत आपले म्हणणे मांडण्याचा आणि ते विचारात घेतले जाण्याचा हक्क दिलेला आहे. मोठ्या माणसांनी मुलांसाठी बोलताना हे कलम सर्वांत आधी वाचावे, असे मला वाटते.

भारताने संहिता स्वीकारताना बत्तिसाव्या कलमाबाबत एक निवेदन जोडले. हे कलम मुलांना आर्थिक शोषणापासून आणि धोकादायक कामापासून संरक्षण देण्याबद्दल आहे. सर्व प्रकारची बालमजुरी एकदम थांबवणे व्यवहार्य नाही, म्हणून आम्ही त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करू, असा त्या निवेदनाचा आशय आहे. संहिता स्वीकारलेल्या देशाकडे बोट दाखवताना तो देश नेमका कशाला बांधील आहे आणि कशाला त्याने अट घातली आहे, हे आधी पाहावे लागते, ते यासाठी.

संहितेला तीन पुरवणी करार आहेत. पहिले दोन २००० साली झाले: एक सशस्त्र संघर्षातील मुलांविषयी, दुसरा मुलांची विक्री आणि लैंगिक शोषण यांविषयी. भारताने २००५ मध्ये हे दोन्ही स्वीकारले. तिसरा २०११ मध्ये मंजूर होऊन एप्रिल २०१४ पासून लागू झाला. तो स्वीकारलेल्या देशातील मूल किंवा त्याच्या वतीने दुसरे कोणी थेट बालहक्क समितीकडे तक्रार करू शकते, मात्र आधी त्या देशातील न्यायालयांचे दरवाजे ठोठावून झालेले असले पाहिजेत. तक्रार ज्या पाच देशांविरुद्ध झाली त्यांनी हा तिसरा करार स्वीकारला होता. भारताने, अमेरिकेने आणि चीनने तो स्वीकारलेला नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये समितीने त्या सोळा मुलांची तक्रार दाखल करून घेण्यास नकार दिला, कारण त्यांनी संबंधित देशांतील न्यायालयांत आधी दाद मागितली नव्हती. परंतु त्याच निर्णयात समितीने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली: एखाद्या देशातून होणाऱ्या उत्सर्जनाचा फटका सीमेपलीकडच्या मुलांना बसला, तर त्याची जबाबदारी त्या देशावर येऊ शकते. पुढे २०२३ मध्ये समितीने पर्यावरण आणि हवामान बदल यांविषयीचे सविस्तर मार्गदर्शन जाहीर केले. ते तयार होत असताना १२१ देशांतील मुलांकडून १६,३३१ सूचना आल्या होत्या. तक्रार फेटाळली गेली म्हणजे प्रयत्न वाया गेला, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

तक्रारीचा मार्ग बंद असेल तेव्हा

तिसरा करार न स्वीकारलेल्या देशांतील नागरिकांसाठी मुख्य मार्ग अहवालाचा आहे, आणि तो फारसा कोणाला माहीत नसतो. संहिता स्वीकारलेल्या प्रत्येक देशाने दर पाच वर्षांनी आपल्याकडील मुलांच्या स्थितीचा अहवाल समितीला द्यायचा असतो. ही समिती अठरा तज्ज्ञांची असते आणि तिच्या बैठका जिनिव्हात होतात. सरकारचा अहवाल आला की समिती त्यावर प्रश्नांची यादी पाठवते, मग सरकारचे शिष्टमंडळ समोर बसून उत्तरे देते आणि शेवटी समिती आपले निष्कर्ष व शिफारशी प्रसिद्ध करते. ही प्रश्नोत्तरे उघड होतात आणि इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. भारताच्या तिसऱ्या आणि चौथ्या एकत्रित अहवालावरची अशी चर्चा जून २०१४ मध्ये झाली.

आता यात नागरिक कुठे येतो? कोणतेही सरकार स्वतःच्या अहवालात आपली उजळ बाजू आधी मांडणार, हे उघड आहे. योजना किती, निधी किती, कायदे कोणते, हे त्यात असते. योजना अमुक जिल्ह्यातील मुलापर्यंत पोचली का, हे बहुधा नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वयंसेवी संस्था, राष्ट्रीय आयोग आणि खुद्द मुलांचे गटही समितीला आपला पर्यायी अहवाल पाठवू शकतात. संहितेच्या पंचेचाळिसाव्या कलमाने सरकारांबाहेरच्या सक्षम संस्थांकडून सल्ला घेण्याची मुभा समितीला दिली आहे, तिच्या आधारावर ही पद्धत उभी राहिली. समिती सरकारला जे प्रश्न विचारते त्यांतील अनेक प्रश्नांचे मूळ अशा अहवालांत असते.

याखेरीज संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क परिषद प्रत्येक सदस्य देशाचा साधारण साडेचार वर्षांनी आढावा घेते. भारताचा आढावा २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ मध्ये झाला. त्यातही बाहेरच्या संस्थांना निवेदन देता येते, पण एका संस्थेला सुमारे अठ्ठावीसशे शब्दांत सारे मांडावे लागते. मला ही मर्यादा उपकारकच वाटते, कारण तिच्यामुळे संतापाचे परिच्छेद गळून पडतात आणि नोंदी उरतात.

एकट्या माणसाने जिनिव्हाला पत्र लिहून फारसे साधत नाही, हे खरे. पण पर्यायी अहवाल लिहिणाऱ्या संस्थांना ज्याची सर्वांत जास्त गरज असते ती वस्तू एकट्या माणसाकडेच असते: एका ठिकाणची, एका काळातली, पडताळून पाहता येईल अशी माहिती. मुलांच्या हक्कांसाठी कळवळा असणारी माणसे जगात कमी नाहीत. वर्षानुवर्षे नोंद ठेवून तिचा पाठपुरावा करणारी माणसे मात्र कमी पडतात, आणि माझ्या मते सामान्य नागरिकाने आपली शक्ती तिथे लावावी.

चार माणसांनी सुरू केलेल्या गोष्टी

या क्षेत्रातील बहुतेक मोठ्या गोष्टी सरकारी कचेरीबाहेर सुरू झालेल्या आहेत. पहिल्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी केलेल्या नाकेबंदीमुळे ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील मुले उपाशी मरत होती, तेव्हा एग्लंटाइन जेब या इंग्रज बाईंनी १९१९ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्या मुलांची छायाचित्रे असलेली पत्रके वाटली. परवानगीवाचून वाटल्याबद्दल त्यांना अटक होऊन पाच पौंड दंड झाला. शत्रूच्या मुलांसाठी मदत मागणे त्या काळी लोकांना रुचणारे नव्हते. त्यांनी त्याच वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था उभी केली आणि पुढे मुलांच्या हक्कांचा पाच कलमी जाहीरनामा लिहिला. राष्ट्रसंघाने तो १९२४ मध्ये स्वीकारला. १९८९ च्या संहितेची वंशावळ तिथपर्यंत जाते.

आपल्याकडचे उदाहरण त्याहूनही जुने आहे. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘अ हिंदू लेडी’ या नावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रे लिहिली. नवऱ्याने त्यांना नांदायला बोलावण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावलेला होता आणि न्यायालयाचा निकाल त्यांच्याविरुद्ध गेला तेव्हा, तुरुंगात जाईन पण नांदायला जाणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. हे प्रकरण इंग्लंडमधील वृत्तपत्रांपर्यंत गेले, समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी संमतिवयाचा, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याच्या किमान वयाचा, प्रश्न लंडनपर्यंत नेला आणि १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहावरून बारा झाले. आजच्या दृष्टीने ही वाढ किती अपुरी होती हे सांगायला नको. तरीही एका मुलीच्या लेखणीने सुरू झालेला वाद दोन खंडांत गेला, ही गोष्ट या विषयाला लागूच आहे.

मुंबईतून जगात गेलेली आणखी एक गोष्ट म्हणजे १०९८ हा क्रमांक. जेरू बिलिमोरिया यांनी १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक उपक्रम म्हणून, रस्त्यावर आणि रेल्वे स्थानकांवर राहणाऱ्या मुलांसाठी, ही फुकट दूरध्वनी सेवा सुरू केली. पुढे ती देशभर पसरली, आणि २००३ मध्ये त्यांनीच जगभरच्या अशा सेवांना जोडणारी ‘चाइल्ड हेल्पलाइन इंटरनॅशनल’ ही संस्था स्थापन केली. आपल्याकडची सेवा आता शासनामार्फत चालते आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. मूल हरवलेले, मारहाण सोसणारे, कामाला जुंपलेले किंवा लग्नाला उभे केले जाणारे दिसले, तर कोणीही या क्रमांकावर कळवू शकते.

चालत जाऊन झालेला कायदा

बालमजुरीविरुद्धच्या जागतिक पदयात्रेची हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण नागरिकांच्या दबावातून आंतरराष्ट्रीय कायदा कसा होतो, हे तिच्यात टप्प्याटप्प्याने दिसते. १७ जानेवारी १९९८ रोजी मनिला येथून ही यात्रा निघाली. कैलाश सत्यार्थी तिच्या प्रमुख संघटकांपैकी होते. आशियातून, आफ्रिकेतून आणि अमेरिकेतून निघालेल्या यात्रा ठिकठिकाणच्या शाळा, कामगार संघटना आणि धार्मिक संस्थांना जोडत युरोपात पोचल्या. यात चालणाऱ्यांत पूर्वी स्वतः मजुरी केलेली मुले होती. जूनच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची वार्षिक परिषद जिनिव्हात भरली, नेमकी त्याच वेळी यात्राही तिथे पोचली आणि ही मुले परिषदेच्या सभागृहात गेली.

मुद्दा असा की त्या परिषदेच्या विषयपत्रिकेवर बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविषयीचा नवा करार आधीच होता. यात्रेची वेळ त्या विषयपत्रिकेकडे पाहून ठरवलेली होती. पुढच्याच वर्षी, १७ जून १९९९ रोजी, १८२ क्रमांकाचा करार एकमताने मंजूर झाला. गुलामी, वेठबिगारी, तस्करी, सशस्त्र संघर्षात भरती, लैंगिक शोषण, अमली पदार्थांसारख्या बेकायदा धंद्यांत वापर आणि जिवाला किंवा आरोग्याला धोका असलेले काम, हे प्रकार त्याने तातडीने थांबवण्यास सांगितले. ऑगस्ट २०२० मध्ये टोंगा या लहानशा देशाने मान्यता दिली आणि श्रम संघटनेच्या सर्व १८७ सदस्य देशांनी स्वीकारलेला तो पहिला करार ठरला. भारताने तो १३ जून २०१७ रोजी, किमान वयाविषयीच्या १३८ क्रमांकाच्या करारासह स्वीकारला.

याचा परिणाम झाला का? आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २००० साली जगात सुमारे २४.६ कोटी मुले मजुरी करत होती, २०२४ मध्ये ही संख्या सुमारे १३.८ कोटी होती. त्यांतील सुमारे ५.४ कोटी मुले धोकादायक कामांत आहेत आणि साठ टक्क्यांहून अधिक मुले शेतीत आहेत. घट मोठी आहे, पण २०२५ पर्यंत बालमजुरी संपवण्याचे जे उद्दिष्ट देशांनी २०१५ मध्ये मान्य केले होते, ते गाठले गेले नाही.

मदतीने नुकसान होऊ नये म्हणून

सद्हेतूने केलेला दबाव मुलांच्याच मुळावर येऊ शकतो. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये टॉम हार्किन यांनी बालमजुरीतून तयार झालेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मांडले. ते कधीच संमत झाले नाही, परंतु नुसत्या धास्तीने बांगलादेशातील तयार कपड्यांच्या कारखान्यांनी अंदाजे पन्नास हजार मुलांना कामावरून काढून टाकले. त्यांच्यासाठी शाळा नव्हत्या, घरी उत्पन्न नव्हते. यांतील अनेक मुले नंतर दगड फोडताना, रस्त्यावर माल विकताना आणि वेश्याव्यवसायातही आढळली. अखेर जुलै १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि श्रम संघटना यांच्यात करार झाला: मुलाला आधी शाळेत जागा आणि घराला दरमहा काही रक्कम, मग कामावरून मुक्तता. हा क्रम आधी पाळला असता तर मधल्या दोन-तीन वर्षांची किंमत त्या मुलांना मोजावी लागली नसती.

बहिष्काराचा उपयोग होतच नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. उझबेकिस्तानात दर शरद ऋतूत सरकारच शाळा बंद करून मुलांना, शिक्षकांना आणि डॉक्टरांना कापूस वेचायला पाठवत असे. तिथल्या काही नागरिकांनी अटक आणि छळ सोसून शेतांतील छायाचित्रे, जबाब आणि कोटा ठरवणारे हुकूम गोळा करून बाहेर पोचवले. त्या पुराव्यांवर उभ्या राहिलेल्या मोहिमेत तीनशेहून अधिक कंपन्यांनी उझबेक कापूस न वापरण्याची हमी दिली. प्रथम मुलांना शेतांवर नेणे थांबले, नंतर सरकारने मोठ्यांची सक्तीही संपवली आणि मार्च २०२२ मध्ये बहिष्कार मागे घेण्यात आला. बांगलादेशशी तुलना केली तर फरक स्पष्ट दिसतो. इथे सक्ती करणारे सरकार होते आणि मागणीही सरकारकडे होती. मुलांना शेतातून सोडले की ती परत शाळेत जाणार होती, कारण शाळा तिथे होतीच.

कोकोच्या बाबतीत तिसरीच गोष्ट घडली. चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये स्वेच्छेने वचन दिले, मुदती वारंवार पुढे ढकलल्या गेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत घाना आणि आयव्हरी कोस्ट येथे कोको पिकवण्यात सुमारे १५.६ लाख मुले असल्याचे दिसले. ग्राहकाने कंपनीला पत्र लिहिताना ‘आपण बालमजुरीच्या विरोधात आहात का’ असे विचारू नये, त्याचे उत्तर ठरलेले असते. माल कोणत्या जिल्ह्यातून येतो, तपासणी कोण करते, मूल सापडले तर त्याच्या शाळेचा आणि घराचा खर्च कोण देते आणि आई-वडिलांना मिळणारा दर काय आहे, हे चार प्रश्न विचारावेत.

अनाथाश्रमांना देणगी देणाऱ्यांनीही असाच विचार करावा. काही देशांत परदेशी देणग्यांच्या आमिषाने आई-वडील असलेली मुले अनाथ म्हणून संस्थांत आणली गेली आहेत. मुलाला स्वतःच्या घरी राहून शिकता येईल अशा कामाला मदत करणे अधिक सुरक्षित आहे. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत ‘अनाथ बाळाला दत्तक घ्या’ असे संदेश आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरत होते. असा संदेश पुढे पाठवणे म्हणजे बेकायदा दत्तकाला आणि तस्करीला वाट करून देणे होय. अशा मुलाची माहिती १०९८ वर किंवा जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला द्यायची असते.

आणखी एक दक्षता कायद्यानेच बंधनकारक केली आहे. अत्याचार झालेल्या किंवा कायद्याच्या कचाट्यात आलेल्या मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा पत्ता प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर पोक्सो कायद्यानुसार प्रत्येक प्रौढ व्यक्तीने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे, न कळवणे शिक्षापात्र आहे, आणि प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्याला संरक्षण आहे.

परदेशातील मराठी माणसांसाठी

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांच्या हाती काही वेगळी साधने आहेत. जर्मनीत २०२३ पासून लागू झालेल्या कायद्याने मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडील बालमजुरीची दखल घेण्याचे बंधन आले. अमेरिकेत २०१८ पर्यंत एकाही राज्याने अठराखालील लग्नावर सरसकट बंदी घातलेली नव्हती; त्या वर्षी डेलावेअरने ती प्रथम घातली आणि त्यानंतर अनेक राज्यांत, लहान वयात लग्न झालेल्या स्त्रियांनी समित्यांपुढे साक्षी दिल्यावर, कायदे बदलले. इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाचे किमान वय फेब्रुवारी २०२३ मध्ये सोळावरून अठरा झाले. बालहक्क हा गरीब देशांचा विषय आहे, हा समज या उदाहरणांनी दूर व्हावा. स्वतः राहतो त्या देशाच्या लोकप्रतिनिधीला मतदार म्हणून विचारलेला प्रश्न हा दूरच्या देशाच्या दूतावासाला पाठवलेल्या निषेधापेक्षा सहसा जास्त परिणामकारक असतो.

ऊसतोडीचे उदाहरण

आता हे सगळे आपल्या जवळच्या एका प्रश्नावर लावून पाहू. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि घरी सांभाळायला कोणी नसले की मुलेही टोळीबरोबर जातात. मोठी मुलगी फडाशेजारच्या कोपीत (झोपडीत) धाकट्या भावंडांना सांभाळते, पाणी भरते, मोळ्या बांधायला मदत करते. ती मार्च-एप्रिलमध्ये परतते तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते. मुलीला एकटीला गावी ठेवणे धोक्याचे वाटते आणि जोडप्याशिवाय कोयता मिळत नाही, या दोन्ही कारणांनी तिचे लग्न लवकर उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते, आणि बीड-परभणीसारख्या जिल्ह्यांत हे प्रमाण याच्या जवळपास दुप्पट होते. २०२४ मध्ये अमेरिकी पत्रकारांनी या साखरेचा माग काढला तेव्हा तो जगभर विकल्या जाणाऱ्या शीतपेयांपर्यंत गेला.

म्हणजे एकाच मुलीच्या बाबतीत शिक्षणहक्क कायदा, बालविवाह प्रतिबंधक कायदा, बालमजुरीचा कायदा, १८२ क्रमांकाचा करार आणि संहितेची निदान तीन कलमे एकदम लागू होतात. कागदावर तिला कशाचीच कमतरता नाही. कमतरता आहे ती या कागदांवरून जाब विचारणाऱ्याची. त्यातही एक पळवाट आहे: बालमजुरीच्या कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच कामांना बंदी केली, पण शाळेव्यतिरिक्त वेळात कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्याला सूट ठेवली. मुलगी आई-बापाला मदत करते आहे, एवढे म्हटले की तपासणी तिथेच थांबते. खासदारांना निवेदन देणाऱ्यांनी या सूटीवर बोट ठेवावे.

गावातल्या किंवा तालुक्यातल्या नागरिकाने सुरुवात मात्र शाळेच्या पटावरून करावी. पटावर किती नावे आहेत, दिवाळीनंतर वर्गात किती मुले उरतात, स्थलांतर केलेल्या किती मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक दिले गेले, गावात राहिलेल्यांसाठी हंगामी वसतिगृह सुरू झाले का आणि झाले असल्यास कोणत्या तारखेला, एवढी माहिती मुलांची नावे न घेता जमवता येते. ती कोणी देत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कावर अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बालसंरक्षण समितीची बैठक शेवटची कधी झाली, हे विचारावे. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाची (आताचे पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) नेमणूक असते, त्यामुळे लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर कोणाला लेखी कळवायचे, हा प्रश्नच उरत नाही.

अशी माहिती सलग दोन-तीन हंगाम ठेवली तर तिचे वजन वाढते. राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करताना ती जोडता येते, जनहित याचिका करणाऱ्याला ती देता येते, साखर विकत घेणाऱ्या कंपनीच्या भागधारकांपुढे ठेवता येते आणि भारताच्या पुढच्या अहवालाच्या वेळी पर्यायी अहवाल तयार करणाऱ्या संस्थेला पाठवता येते. २००१ मध्ये अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिकेवरूनच शाळेत शिजवलेले जेवण देण्याचा आदेश निघाला, आणि त्या आदेशाची अंमलबजावणी होते की नाही हे वर्षानुवर्षे तपासण्याचे कामही ठिकठिकाणच्या कार्यकर्त्यांनी केले.

वेळ पाळणे इथेही महत्त्वाचे आहे. टोळ्या दिवाळीच्या आसपास निघतात आणि त्याआधीची ग्रामसभा २ ऑक्टोबरला असते. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी पत्रके हे विषय यायचे असतील, तर अर्ज सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रामपंचायतीत आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यावी, दोन्ही ठिकाणी शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्यावी, आणि सभेत ठराव झाला तर त्याची नक्कल मागून ठेवावी. वसतिगृह सुरू झाले तर मुले गावात राहतील. सुरू झाले नाही तर सरकारला वेळेवर कळवले होते हे दाखवणारा कागद हाती असेल, आणि आयोग असो वा जिनिव्हाची समिती, दोघांपुढेही तो ठेवता येईल.